‘गेट’ पाठ करू नका, त्याच्या पुढचे शब्द ऐका

वाचकाचं पत्र:

मी मूळची बार्शीची. इंग्रजी पाचवीपासून, शिक्षण सगळं मराठीतून. सध्या पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. आमची अर्धी टीम इंग्लंडमध्ये लीड्सला बसते. मेल वाचताना अडचण येत नाही, पण कॉलवर ती मंडळी बोलायला लागली की दर वाक्यात ‘गेट’ नाहीतर ‘गॉट’ येतं आणि माझा धागा सुटतो. गेल्या महिन्यात तिथलं कोणी म्हणालं, ‘वुई गॉट देम टू ड्रॉप द चार्ज.’ मला वाटलं आपल्याला चार्ज लागला. मी तो खर्चात टाकला. चूक वेळेत सापडली, पण कॉलवर दोघं हसले, तेव्हापासून मी तोंड उघडत नाही. डिक्शनरीतून ‘गेट’चे अर्थ वहीत उतरवून पाठ करतेय. चाळिसाच्या पुढे गेले, तरी कॉलवर उपयोग शून्य. पूर्ण यादी मिळेल का? तीस दिवसांत फ्लुएंट करतो म्हणणारा एक क्लास आहे, तो लावू का? आणि माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या निबंधातला ‘गॉट’ बाई लाल पेनाने खोडतात. इंग्रज माणसं दिवसभर वापरतात तो शब्द चुकीचा कसा?

– एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई, आधी त्या हसण्याबद्दल. तुम्ही चुकलात ते वाक्य सोपं नाही. ‘गॉट’, मग ‘देम’, मग ‘टू’, आणि शेवटी खरं काम करणारं क्रियापद, ही रचना आपल्या शाळेत फारशी कोणी नीट शिकवत नाही. परक्या भाषेत रोज हिशेब सांभाळणाऱ्या माणसाच्या चुकीवर हसणं वाईटच, आणि ते तुमच्या मनाला लागलं यात काही वावगं नाही. पण गप्प राहण्याने नुकसान तुमचं होतंय. अकाउंट्समध्ये न विचारता केलेली नोंद ही विचारून झालेल्या फजितीपेक्षा नेहमीच महाग पडते. कॉलवर काय विचारायचं ते पुढे सांगते.

यादी मात्र मी देणार नाही. माझ्याकडे ती आहे, कोणत्याही चांगल्या कोशात असते, पण तिचा तुम्हाला उपयोग नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी ‘रन’ या एका क्रियापदाची नोंद नव्याने करताना पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले आणि ६४५ अर्थ निघाले. त्याआधी १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. लीड्सच्या रस्त्यावरचा माणूस हे ६४५ अर्थ डोक्यात बाळगून बोलत नाही. तुमची चाळीस अर्थांची वही चारशेवर गेली, तरी बोलण्याच्या वेगात ती उघडायला वेळ कुठे आहे?

त्यापेक्षा तुमचंच पत्र पुन्हा वाचा. ‘मंडळी बोलायला लागली’, ‘चार्ज लागला’, ‘क्लास लावू का’. ही तिन्ही वाक्यं तुम्ही सहज लिहून गेलात. आता हा ‘लागणे’ थोडा मोकळा सोडून बघू. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो. बस लागते म्हणजे पोटात ढवळतं. कुर्डुवाडीहून निघालं की बार्शी लागते. चहा गोड लागतो, तो तुमचा मामा लागतो, प्रवासाला तीन तास लागतात, मूल रडू लागतं, आपल्याला जावं लागतं. मोल्सवर्थ साहेबांच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणें’खाली अर्थांची मोठी रांग आहे. बार्शीतल्या एकाही मुलाने ती रांग पाठ केलेली नाही, आणि ‘बस लागली’ ऐकून कोणी बसच्या धडकेची चौकशी करत नाही.

हे आपल्याला कसं जमतं? ‘लागणे’च्या आधी काय आलं ते आपण ऐकलेलं असतं म्हणून. भूक, ठेच, नोकरी, बार्शी. क्रियापद कानावर पडेपर्यंत अर्थ ठरून गेलेला असतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि आपल्या कानाला लहानपणापासून तीच सवय आहे: क्रियापद आलं की वाक्य पुरं झालं, आता अर्थ लावा.

इंग्रजीत ही सवय आड येते. तिथे क्रियापद दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच येऊन जातं आणि त्याचा अर्थ ठरवणारे शब्द मागाहून येतात. तुम्ही ‘गॉट’ ऐकलंत आणि मन तिथेच थांबून वही चाळू लागलं: मिळालं? झालं? पोचलं? तेवढ्यात ‘देम टू ड्रॉप’ निघून गेलं आणि कानात फक्त ‘चार्ज’ उरला. माझ्या मते तुमची अडचण शब्दसंग्रहाची नाहीच, थांबण्याच्या जागेची आहे. ‘गेट’वर थांबू नका. तो रिकामा आहे असं समजून ओलांडा आणि पुढचे दोन-तीन शब्द झेला. सगळा अर्थ तिथे आहे.

आता त्या पुढच्या शब्दांकडे येते.

‘गेट’च्या लगेच पुढे वस्तू आली तर बहुतेक वेळा मिळणं, आणणं, घेणं यातलं काहीतरी. ‘आय गॉट युअर मेल’, मेल मिळाला. ‘गेट मिल्क ऑन द वे’, येताना दूध आण. ‘आय विल गेट यू द फिगर्स’, आकडे तुम्हाला मिळवून देते. ‘डिड यू गेट द जोक’, विनोद कळला का. इंग्लंडमध्ये जेवण झाल्यावर कोणी ‘आय विल गेट धिस’ म्हटलं तर तो बिल देतोय, आणि दारावरची बेल वाजल्यावर ‘आय विल गेट इट’ म्हटलं तर तो दार उघडायला उठलाय. हे फार डोकं न लढवता संदर्भावरून कळतं.

पुढे विशेषण आलं तर ‘होणे’. लेट, डार्क, कोल्ड, वर्स, बेटर, रेडी, अँग्री. ‘इट्स गेटिंग लेट’, उशीर होतोय. ‘गेट वेल सून’ तर आपण केकवरही लिहितो. यात एकच खड्डा आहे आणि मराठी माणूस त्यात हमखास पडतो: ‘होणे’ म्हणजे ‘गेट’ हे डोक्यात बसलं की ‘ती डॉक्टर झाली’चं आपण ‘शी गॉट अ डॉक्टर’ करतो. त्याचा अर्थ होतो, तिने डॉक्टर बोलावून आणला. पुढे नाम असेल तर ‘गेट’ला ‘होणे’ हा अर्थ येत नाही, तिथे ‘बिकेम’च हवं. विशेषण चालतं, नाम चालत नाही.

पुढे जागा किंवा दिशा आली तर पोचणं, हलणं, चढणं-उतरणं. ‘गेट होम’, ‘गेट टू वर्क’, ‘गेट ऑन द बस’, ‘गेट आउट ऑफ द कार’. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’च्या आधी ‘टू’ लागत नाही, इतकं लक्षात ठेवा.

तुमचा घात जिथे झाला तिथे जरा थांबते, कारण तुमच्या कामात ही रचना रोज येणार आहे. ‘गेट’च्या पुढे माणूस आणि त्याच्यापुढे ‘टू’ आणि क्रियापद: ‘गेट हिम टू साइन’. म्हणजे त्याला सही करायला लावणं, राजी करणं, त्याच्याकडून ते काम करून घेणं. ‘वुई गॉट देम टू ड्रॉप द चार्ज’, आपण त्यांना तो चार्ज सोडायला लावला. आता गंमत बघा. मराठीतही ‘लागणे’चं प्रयोजक रूप ‘लावणे’ हेच दुसऱ्याकडून काम करवण्यासाठी येतं. फोन लागतो आणि आपण फोन लावतो. माणूस रडू लागतो आणि आपण त्याला रडायला लावतो. ‘गेट’ एकाच रूपात दोन्हीकडची कामं करतो, आपल्याकडे ती ‘लागणे’ आणि ‘लावणे’ अशी वाटली आहेत. त्या कॉलवर ‘गॉट देम टू’ एवढा तुकडा कानात शिरला असता, तर मनात ‘त्यांना लावलं’ उमटलं असतं आणि ‘आपल्याला लागला’ असा उलटा अर्थ झाला नसता.

याच रचनेचे भाऊबंद आहेत ‘मेक’ आणि ‘हॅव’, आणि त्यांच्यातला फरक हिशेबाच्या कामात महत्त्वाचा असतो. ‘मेड हिम साइन’ म्हणजे जबरदस्तीने. ‘हॅड हिम साइन’ म्हणजे सांगितलं, त्याने केलं, त्याचं ते कामच होतं. ‘गॉट हिम टू साइन’ म्हणजे थोडी खटपट झाली, समजवावं लागलं. ‘टू’ फक्त ‘गेट’बरोबर येतो, उरलेल्या दोघांबरोबर नाही. तुमच्या सहकाऱ्याने ‘गॉट देम टू’ म्हटलं त्यात ‘पुरवठादाराशी बोलून, पाठपुरावा करून’ एवढं सगळं आलं.

माणसाऐवजी आधी वस्तू आली आणि मागून ‘साइन्ड’, ‘चेक्ड’, ‘पेड’ असं रूप आलं, तर ते काम कोणाकडून तरी उरकून घ्यायचं आहे. ‘गेट द इन्व्हॉइसेस साइन्ड बाय फ्रायडे’, शुक्रवारपर्यंत इन्व्हॉइसवर सह्या घ्या. सही कोण करणार ते वाक्यात नाही, जबाबदारी मात्र ऐकणाऱ्यावर आहे. अशा वाक्यातला ‘बाय’ नीट ऐका. ‘बाय फ्रायडे’ ही मुदत, ‘बाय मार्क’ म्हणजे सही करणारा माणूस. आणि ‘टू’च्या पुढे क्रियापदाऐवजी जागा आली, ‘गेट हिम टू द एअरपोर्ट’, तर करायला लावण्याचा संबंध संपला, नुसतं पोचवायचं आहे.

माणूस-वस्तू काही न येता ‘गेट’च्या थेट पुढे असं भूतकाळी रूप आलं, ‘गॉट फायर्ड’, ‘गॉट कॉट’, ‘गॉट पेड’, तर कर्त्यावर काहीतरी घडलं. हेच ‘वॉज फायर्ड’नेही सांगता येतं. पण ‘वॉज’मध्ये कधी कधी अर्थ दुहेरी होतो: ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे खिडकी फुटली, की आधीपासून फुटकी होती? ‘गॉट ब्रोकन’ म्हटलं की घटना घडली हे नक्की. ‘दे वेअर मॅरिड’ आणि ‘दे गॉट मॅरिड’ यांतही तेच. बोलताना लोक ‘गेट’कडे वळतात त्याचं हे एक चांगलं कारण आहे. तो झालेला बदल दाखवतो.

आणि हा बदल हाच बहुतेक ठिकाणी त्याचा गाभा आहे. आधी नव्हतं ते आता आहे: वस्तू हातात आली, अवस्था बदलली, जागा बदलली. वहीतले चाळीस अर्थ याच एका वाक्याखाली लावून बघा, बरेचसे बसतील. मोठा अपवाद ‘हॅव गॉट’चा, आणि तो तुम्हाला कॉलवर सतत भेटत असणार.

‘आय हॅव गॉट अ मीटिंग ॲट थ्री.’ यात काहीही मिळालेलं नाही, भूतकाळही नाही. मला तीन वाजता मीटिंग आहे, बस्स. ‘शीज गॉट द फाइल’, फाइल तिच्याकडे आहे. ‘गॉट’ ऐकलं की आपण भूतकाळ धरतो आणि फसतो. याच घरातलं ‘हॅव गॉट टू’: ‘आय हॅव गॉट टू गो’, मला जावं लागेल. इथे पुन्हा तुमचा ‘लागणे’ तयार उभा आहे. पण सावध, ‘हॅव’ नसेल तर अर्थ पालटतो. ‘आय गॉट टू सी द कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे करार बघायला मिळाला, आणि ‘आय हॅव गॉट टू सी द कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे करार बघायलाच हवा. बोलण्यात तो ‘हॅव’ आक्रसून नुसता ‘व्’ उरतो, भराभर बोलताना तोही गळतो. अशा वेळी संशय आला तर विचारणं हाच उपाय आहे, इंग्रजही एकमेकांना विचारतात.

तुमच्या टीममधल्या कोणाच्या तोंडी ‘गॉटन’ आला तर तो माणूस बहुधा अमेरिकेतला. जुन्या इंग्लंडमध्ये हे रूप होतं, अमेरिकेने ते जपलं, आजच्या ब्रिटिश बोलण्यात ते ‘इल-गॉटन’सारख्या एखाद्या शब्दात उरलंय. अमेरिकन माणसाला याचा फायदा असा, की ‘हॅव गॉट’ म्हणजे आहे आणि ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवलं किंवा झालं, असा फरक तो स्वच्छ दाखवू शकतो.

आता कानाकडे येऊ. माझा अंदाज आहे की तुमची निम्मी लढाई अर्थाची नसून आवाजाची आहे, आणि पाठांतराच्या वहीत आवाज उतरत नाही. देवनागरीत आपण फाटकाचा ‘गेट’ आणि हा ‘गेट’ सारखाच लिहितो. उच्चारात हा अगदी आखूड आहे आणि त्यावर सहसा जोर नसतो. शिवाय पुढे स्वर आला की शेवटचा ‘ट’ रूप बदलतो. अमेरिकन तोंडात ‘गेट इट’चं ‘गेडिट’ होतं. इंग्लंडमध्ये अनेकांच्या बोलण्यात तो ‘ट’ गिळला जातो आणि घशात नुसती एक अडक उरते. आणि लीड्स ज्या यॉर्कशरमध्ये आहे तिथे, तसंच उत्तर इंग्लंडच्या इतर भागांत, घरगुती बोलीत या ‘ट’चा ‘र’ होतो: ‘गेट ऑफ’चं ‘गेरॉफ’, ‘गॉट टू’ किंवा ‘गॉट अ’चं ‘गॉरा’. ऑफिसात लोक जपून बोलतात, पण कॉल रंगात आला की बोली वर येते. ‘आय गॉरा गो’ कानावर पडलं आणि काही बोध झाला नाही, तर त्यात तुमच्या शिक्षणाचा दोष काय? पाठ्यपुस्तकात तो आवाज कधी आलाच नव्हता.

त्या भागाचा आणि या शब्दाचा संबंध तर फार जुना आहे. ‘गेट’ मूळचा इंग्रजी नाहीच. तो उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला, ‘गेटा’ या क्रियापदापासून आलेला. या लोकांनी ८६६ मध्ये लीड्सजवळचं यॉर्क जिंकलं आणि पुढे त्या सगळ्या पट्ट्यात शेती-घरं करून वस्ती केली. शेजारी राहून, लग्नं जमून भाषा मिसळल्या. ‘टेक’, ‘दे’, ‘एग’, ‘विंडो’, ‘हजबंड’ हे शब्दही तिकडूनच आले. जुन्या इंग्रजीत याच कुळातलं एक रूप होतं, पण ते एकटं उभं राहत नसे, जोडशब्दातच यायचं. आजचा ‘फरगेट’ हा त्याचा वारसा. म्हणजे ‘गेट’ हा दरबारातून किंवा ग्रंथातून खाली उतरलेला शब्द नाही. चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर वाढलेला आहे. अशाच शब्दांना अर्थांचे धुमारे फुटतात.

आपल्या बाजूनेही काही गोष्टी सुधारून घ्या. ‘मिळत नाहीये’चं शब्दशः रूप म्हणून आपण ‘आय ॲम नॉट गेटिंग टाइम’ म्हणतो. लीड्सचा माणूस म्हणेल, ‘आय हॅवन्ट हॅड टाइम.’ आवाज तुटत असला की आपण ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हणतो, त्यात ऐकू येत नाही की समजत नाही हे त्याला कळत नाही. ऐकू येत नसेल तर ‘आय कान्ट हिअर यू’, समजलं नसेल तर ‘आय डोन्ट फॉलो’. आणि फोन लागत नसेल तर ‘आय कान्ट गेट थ्रू’. उत्तर नंतर देते म्हणताना ‘आय विल रिव्हर्ट’ लिहू नका, तो भारतीय ऑफिसांचा प्रयोग आहे. तिकडे ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणतात.

‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’, ‘गेट अवे विथ’, ‘गेट राउंड टू’ या जोड्यांची फार चिंता नको. त्या एकसंध शब्दासारख्या, भेटतील तशा घ्या. चारपाच सोडल्या तर हिशेबाच्या कॉलवर येत नाहीत.

क्लासबद्दल स्पष्ट सांगते, लावू नका. तीस दिवसांत फ्लुएंट करण्याचं आश्वासन कोणतीही प्रामाणिक शिकवणारी व्यक्ती देणार नाही. तुम्हाला व्याकरण येतं, वाचन येतं, मेल तुम्ही लिहिता. तिथे तुम्हाला पुन्हा स्वतःची ओळख करून द्यायला लावतील. पैसे खर्च करायचेच असतील तर आठवड्यातून एकदोनदा कोणाशी तरी समोरासमोर इंग्रजी गप्पा होतील असं बघा. त्याआधी एक फुकटचा उपाय आहे. तुमचे कॉल ज्या ॲपवर होतात त्यात बोललेलं अक्षरात दाखवण्याची सोय बहुतेक असते. कंपनीची परवानगी असेल तर ती चालू ठेवा आणि कॉल झाल्यावर दहा मिनिटं तो मजकूर वाचा. ‘गेट’ किंवा ‘गॉट’ दिसला की त्याला हात लावू नका, त्याच्या पुढच्या तीन शब्दांखाली रेघ मारा. मग रेकॉर्डिंग मिळत असेल तर तेवढाच तुकडा पुन्हा ऐका, डोळे अक्षरांवर ठेवून. आवाज आणि अक्षर यांची गाठ अशीच बसते. त्या अर्थांच्या वहीत आता हे तुकडे उतरवा, पूर्ण वाक्यानिशी आणि कोण कशाबद्दल बोललं त्यासह.

कॉलवर काय विचारायचं? ‘व्हॉट डज दॅट मीन’ विचारू नका. त्याने चर्चा तुमच्या इंग्रजीकडे वळते. पैशाबद्दल विचारा, तो तुमचा प्रांत आहे. ‘सो वुई आर नॉट पेइंग द चार्ज, राइट?’ किंवा ‘जस्ट टू कन्फर्म, नो एन्ट्री फॉर द चार्ज?’ चांगले अकाउंटंट कोणत्याही भाषेत हेच करतात. समजलं असेल तेव्हाही विचारा, म्हणजे न समजलेलं वेगळं उठून दिसणार नाही. हसणाऱ्या दोघांपैकी एकाशी तुमचं बरं असेल तर त्याला एकट्याला एवढं जरूर सांगा, की त्या दिवशी वाईट वाटलं. लोकांना अनेकदा कळलेलंच नसतं.

राहिली मुलीची वही. बाईंचं सरसकट खोडणं मला पटत नाही, पण त्यामागचा विचार चुकीचा नाही. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं आणि ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ असे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत शिरले. तेव्हापासून इंग्रजीत घरचं आणि बाहेरचं अशी दोन कपाटं आहेत. निबंध, अर्ज, अहवाल यांत ‘गेट’ फार आला तर लिहिणं ढिलं वाटतं, कारण नेमकं काय झालं ते वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागतं. मैत्रिणीला पत्र लिहिताना किंवा संवादात मात्र तो काढून टाकला की भाषा सुतकी होते. आणि काही ठिकाणी त्याला पर्यायच नाही.

मुलीच्या पुढच्या निबंधात तो दिसला की दोघी मिळून असं बघा. ‘वुई गॉट अप अर्ली अँड गॉट रेडी’ तसंच राहू द्या, बाईंनी खोडलं तर त्याच्या जागी काय लिहू हे तिने नम्रपणे विचारावं. ‘आय गॉट फर्स्ट प्राइझ’चं ‘आय वन’ करा, ते नेमकं आहे. ‘वुई गॉट अ लेटर फ्रॉम द कलेक्टर’चं ‘रिसीव्ह्ड’ करा, पत्र सरकारी आहे. आणि ‘माय ब्रदर गॉट अ पोलीस ऑफिसर’ असं कुठे सापडलं तर ते बाईंच्या आधी तुम्हीच खोडा. तिथे पुढे नाम आहे.